दंड शनिवारी नको, शिक्षा मैदानावरच हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलबद्दल आलेला लेख मी इंटरनेटवर वाचला. धोकादायक धडकांसाठी एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग लावत असलेल्या दंडांमुळे आणि निलंबनांमुळे हा रांगडा खेळ मिळमिळीत होत चालला आहे, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी ओहायो राज्यात सिनसिनाटीला राहते. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. मान आणि पाठीच्या कण्याला मार लागलेल्या माणसांकडून बसणं, उठणं, चालणं पुन्हा करून घेणं हे माझं रोजचं काम. घरात सगळे बेंगल्सचे, म्हणजे इथल्या एनएफएल संघाचे, चाहते आहेत, मीही त्यांच्यातलीच. म्हणजे हा खेळ मला परका नाही आणि त्याचा तिटकाराही नाही. पण त्या लेखातला मुद्दा मला पटला तर नाहीच, तो वाचून अस्वस्थ व्हायला झालं, म्हणून हे पत्र.

शिक्षा जास्त झाल्या, असं मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या उशिरा होतात आणि नको तिथे होतात. एखाद्या रविवारी एखादा बचावपटू हेल्मेटचा माथा पुढे करून समोरच्याच्या डोक्यावर आदळतो. पंचाने पाहिलं तर नियमभंगाची खूण म्हणून पिवळा झेंडा पडतो आणि समोरच्या संघाला १५ यार्ड पुढे सरकायला मिळतात. ज्याला मार लागला तो तपासणीसाठी आत जातो, बहुतेक वेळा त्या दिवशी परत येत नाही. ज्याने मारलं तो मात्र पुढच्याच चालीला मैदानात उभा असतो. मग आठवडाभर लीगच्या कार्यालयात चित्रफिती तपासल्या जातात, खेळाडूला पत्र जातं, आणि शनिवारी दंडाची यादी बाहेर येते. त्यावर अपील होतं, पुष्कळदा रक्कम कमी होते. ती रक्कम धर्मादाय कामांना जाते, हे चांगलंच आहे. पण ज्या सामन्यात तो गुन्हा घडला, त्या सामन्याचा या सगळ्याशी काहीही संबंध उरत नाही.

आमच्या शहरात या विषयावर मत बनवायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. नदीकाठच्या त्या एका स्टेडियमने गेल्या काही वर्षांत जे दाखवलं, ते पुरेसं आहे.

९ जानेवारी २०१६ ची रात्र घ्या. बेंगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स, बाद फेरीचा सामना, वरून पाऊस. उत्तरार्धात आमचा जिओवानी बर्नार्ड चेंडू झेलून वळला, तेवढ्यात स्टीलर्सचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, रायन शेझियर खाली वाकून हेल्मेटसकट त्याच्यावर आदळला. बर्नार्ड जागीच कोसळला, चेंडू निसटला, शेझियरने तो उचलला. बर्नार्डच्या मेंदूला मार बसला होता, तो सामन्यातून गेला. झेंडा पडला नाही. पुढे सामना अगदी संपत आला, बेंगल्स १६-१५ असे पुढे होते, २२ सेकंद उरली होती. तेव्हा आमच्या व्होंटेझ बर्फिक्टने स्टीलर्सच्या अँटोनियो ब्राउनच्या डोक्यावर खांद्याने धडक मारली. पास ब्राउनच्या हातात आलाही नव्हता. १५ यार्ड. त्या गोंधळात आमच्याच ॲडम जोन्सचा स्वतःवरचा ताबा सुटला, आणखी १५ यार्ड. स्टीलर्सना आयतेच ३० यार्ड मिळाले, त्यांनी चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुणांचा फील्ड गोल केला आणि १८-१६ ने सामना जिंकला.

त्या रात्री सगळं शहर बर्फिक्टवर चिडलं. पुढच्या हंगामातले पहिले तीन सामने त्याला बाहेर बसावं लागलं. आमच्या गल्लीत मात्र त्या निलंबनाची कोणी फारशी आठवण काढत नाही, सगळ्यांना आठवतात ते ३० यार्ड. कारण ती शिक्षा सामन्याच्या आत झाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिने निकाल बदलला. मला नेमकं हेच म्हणायचं आहे. मैदानावरची शिक्षा झोंबते, शनिवारची यादी कोणी वाचत नाही.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते बर्फिक्टसाठी नाही, शेझियरसाठी.

४ डिसेंबर २०१७, सोमवारची रात्र. तेच दोन संघ, तेच स्टेडियम. मी घरी टीव्हीवर बघत होते. पहिल्याच सत्रात आमच्या रिसीव्हरने पास झेलला आणि शेझियर त्याला अडवायला धावत आला. डोकं खाली, माथा पुढे. धडक तशी साधीच दिसली, समालोचकांचा आवाजही चढला नाही. मग शेझियरचा हात पाठीच्या खालच्या भागाकडे गेला आणि हातांच्या जोरावर तो वळायला लागला. वरचं धड वळलं. पाय नुसते मागून ओढले गेले. गुडघा वाकला नाही, पावलाने जमिनीवर रेटा दिला नाही, मांडीच्या स्नायूने साधी हालचालही केली नाही. ज्यांनी अशी माणसं पाहिली आहेत त्यांना तेवढं दिसलं की आणखी काही विचारावं लागत नाही. मी उठून उभी राहिले. घरातल्या इतरांना अजून वाटत होतं की कंबरेत उसण भरली असेल.

कण्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे महिने त्याने कसे काढले असतील याची मला कल्पना आहे, कारण ते काम मी हाताने करते. पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसणं हा पहिला टप्पा असतो आणि धडधाकट तरुण माणूस त्यात रडकुंडीला येतो. शेझियर पंचविशीत होता. तो पुन्हा चालायला शिकला, पुढच्याच एप्रिलमध्ये लाखो लोकांसमोर मंचावर चालत आला, आणि ते बघून मला भरून आलं. पण फुटबॉल संपला. २०२० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता या दोन रात्री शेजारी ठेवून बघा. जानेवारी २०१६ मध्ये शेझियरने डोकं खाली घालून मारलेली धडक, झेंडा नाही, वर चेंडूही मिळाला. दोन वर्षांच्या आत त्याच मैदानावर पुन्हा डोकं खाली, आणि त्याचे पाय गेले. पहिल्या वेळी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं तर दुसरी धडक टळलीच असती, असा दावा मी करत नाही. पण ज्या सवयीबद्दल शाबासकी मिळते ती सवय सुटत नाही, हे मी रोज अनुभवते. त्या रात्री न पडलेल्या झेंड्याने शेझियरवर कसलेही उपकार केले नाहीत. दंडाला ‘बचावपटूंवर अन्याय’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की माथ्याने मारणाऱ्याची स्वतःची मान त्या धडकेत सगळ्यात जास्त धोक्यात असते.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण यात मताचा प्रश्न नाही, हाडांच्या रचनेचा आहे. ताठ उभं असताना आपल्या मानेला मागे एक नैसर्गिक बाक असतो. त्या बाकामुळे डोक्यावरचा भार स्नायू आणि मणक्यांमधल्या चकत्या वाटून घेतात. डोकं साधारण ३० अंश खाली झुकवलं की तो बाक नाहीसा होतो आणि मानेचे सातही मणके एका सरळ रेषेत येतात. आता माथ्यावर आलेला मार स्नायूंना वाटून घेताच येत नाही. डोकं थांबतं, मागून धडाचं वजन येतच राहतं, आणि मधली मान दुमडते. समोरच्याला बघत, डोकं वर ठेवून, खांद्याने धडक मारली तर हे घडत नाही. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून सांगतात की ज्याला अडवायचं आहे तो दिसत राहिला पाहिजे.

आणि नियमाने फरक पडतो याचा पुरावा पन्नास वर्षं जुना आहे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये हेल्मेट भाल्यासारखं वापरून मारण्यावर १९७६ मध्ये बंदी आली. जोसेफ टॉर्ग या अस्थिरोगतज्ज्ञाने मानेच्या दुखापतींची देशभरची नोंद ठेवली होती. त्या नोंदीनुसार १९७६ च्या हंगामात मान मोडून चारही हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू ३४ होते. पुढच्या वर्षी ते १८ झाले, १९८४ मध्ये ५. याचं श्रेय काही नव्या हेल्मेटला देता येत नाही. उलट कडक प्लॅस्टिकचं, तोंडापुढे जाळी असलेलं चांगलं हेल्मेट आलं म्हणूनच तर डोक्याचं हत्यार झालं होतं. नियम बदलला, प्रशिक्षकांनी शिकवण बदलली, आणि मुलं वाचली. त्यानंतर शाळेचा किंवा कॉलेजचा फुटबॉल कोणाला मिळमिळीत वाटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर जागा मिळवताना नाकी नऊ येतात.

व्यावसायिक लीगला मात्र शहाणपण फार सावकाश आलं. १२ ऑगस्ट १९७८ ला ओकलंडमध्ये, हंगामाआधीच्या सरावाच्या सामन्यात, न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली हाताबाहेरचा पास पकडायला झेपावला आणि ओकलंडच्या जॅक टेटमने त्याला धडक दिली. स्टिंगली तेव्हा २६ वर्षांचा होता. २००७ मध्ये गेला तोपर्यंत त्याला चालता आलं नाही. ज्या सामन्याच्या गुणांना काडीची किंमत नव्हती, त्या सामन्यात हे झालं, आणि त्या धडकेवर झेंडासुद्धा पडला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती.

पुढे २०१० मध्ये ऑक्टोबरच्या एकाच रविवारी इतक्या भयंकर धडका झाल्या की लीगला जाग आली. त्यातल्या दोन पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनच्या होत्या, दोन्ही क्लीव्हलंडच्या खेळाडूंवर. दोन्ही वेळा झेंडा नाही. नंतर त्यातल्या एका धडकेसाठी ७५,००० डॉलर दंड झाला, पुढे तो कमीही झाला. आणि त्याच आठवड्यात लीगच्या अधिकृत दुकानात त्याच धडकेचं छायाचित्र विक्रीला होतं! आरडाओरडा झाला तेव्हा काढलं. हॅरिसनला त्या हंगामात पुन्हा पुन्हा दंड झाले. पैशाने काय साधलं? डिसेंबर २०११ मध्ये त्याने क्लीव्हलंडचाच क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू, कोल्ट मकॉय याच्या तोंडावर हेल्मेट मारलं. तेव्हा कुठे एका सामन्याचं निलंबन झालं. मकॉयला तर त्या दिवशी मेंदूची तपासणी न करताच पुन्हा खेळायला पाठवलं होतं. ती गोष्ट वेगळ्या पत्राची आहे.

शेझियरच्या दुखापतीनंतर २०१८ मध्ये नियम आला की डोकं खाली करून हेल्मेटने धडक मारली की १५ यार्ड, आणि पंचांना वाटलं तर खेळाडू मैदानाबाहेर. कागदावर उत्तम. सुरुवातीला सराव सामन्यांत झेंड्यांचा पाऊस पडला, प्रशिक्षक ओरडले, समालोचक ओरडले, आणि प्रत्यक्ष हंगाम सुरू झाल्यावर झेंडे विरळ झाले. दंडाची पत्रं तेवढी जात राहिली. म्हणजे पुन्हा तेच, मैदानावर काही नाही आणि शनिवारी पाकिटात.

याच देशात, याच खेळात, कॉलेजच्या पातळीवर २०१३ पासून काय चालतं ते लेखकाने बघायला हवं होतं. तिथे माथ्याने मारलं, किंवा असहाय खेळाडूच्या डोक्या-मानेवर नेम धरला, की १५ यार्ड तर आहेतच, पण खेळाडूची हकालपट्टीही होते. २०२५ च्या हंगामापर्यंत तरी, उत्तरार्धात घडलं तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही जात होता. प्रत्येक हकालपट्टी चित्रफितीवर तपासली जाते, चुकीची वाटली तर रद्द होते आणि मुलगा परत खेळायला येतो. वाद होतात, एखादा निर्णय चुकतो. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला जी शिस्त लावता येते ती पगारदार तिशीतल्या माणसाला लावता येत नाही, याचं कारण मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

बचावपटूंची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी मनापासून मान्य करते. अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो, आणि खांदा नेमका धरलेला असताना समोरचाच शेवटच्या क्षणी खाली वाकतो. त्यात बचावपटूचा दोष नसतो. शिवाय प्रत्येक वाईट दुखापतीमागे वाईट धडक असतेच असं नाही. २०२३ च्या जानेवारीत याच आमच्या स्टेडियममध्ये बफेलोच्या डमार हॅमलिनचं हृदय थांबलं, ती धडक पूर्ण नियमात होती. त्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये मायामीचा टुआ टॅगोवायलोआ इथेच पडला आणि त्याची बोटं हवेत वाकडीतिकडी आखडली, तिथेही झेंडा पडण्यासारखं काही नव्हतं. तो प्रश्न चार दिवसांपूर्वी लडखडलेल्या माणसाला खेळवलंच का, हा होता. म्हणून तर मी म्हणते की सरसकट सगळ्या धडकांना आवर घालू नका. माथा खाली घालून मारणं आणि ज्याला स्वतःला वाचवता येत नाही त्याच्या डोक्यावर मारणं, या दोनच गोष्टींवर हकालपट्टी ठेवा, आणि ती चित्रफितीवर ताडून बघा.

चित्रफितीबद्दल एक गोष्ट तर मला अजिबातच समजत नाही. २०२५ च्या हंगामापासून लीगने सोय केली की असहाय खेळाडूवरच्या धडकेसाठी झेंडा पडला आणि चित्रफितीत स्पष्ट दिसलं की डोक्याला स्पर्शच झाला नव्हता, तर तो झेंडा उचलता येतो. छान केलं. निर्दोष माणूस सुटला पाहिजे. पण जी धडक पंचांच्या नजरेतून निसटली आणि पडद्यावर सगळ्या जगाला दिसली, तिच्यासाठी त्या हंगामातही त्याच चित्रफितीवरून झेंडा टाकता येत नव्हता! बर्नार्डवरची धडक त्या हंगामात झाली असती आणि पंचांनी ती सोडली असती, तर तेव्हाही मैदानावर काही झालं नसतं. कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा तर तो दोन्ही बाजूंनी ठेवा.

लीगने मनावर घेतलं तर काय होतं तेही दिसलं आहे. १ डिसेंबर २०२४ ला जॅक्सनव्हिलमध्ये क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स धाव संपवून जमिनीवर घसरत होता, म्हणजे ‘मी थांबलो’ हे नियमानेच सांगत होता. ह्यूस्टनच्या अझीझ अल-शाएरने त्याच्या डोक्यावर हात मारला. त्याच क्षणी हकालपट्टी, नंतर बिनपगारी तीन सामन्यांचं निलंबन, आणि अपिलातही ते कायम राहिलं. फक्त हे क्वार्टरबॅकच्या बाबतीत जितक्या तत्परतेने होतं तितकं इतरांच्या बाबतीत होत नाही. मधल्या फळीत खेळणाऱ्याची मानही सात मणक्यांचीच असते.

‘त्यांना लठ्ठ पगार मिळतो, धोका माहीत असूनच खेळतात’ हे वाक्यही त्या लेखात आहे. धोका माहीत होता? पिट्सबर्गचा माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत गेला, तेव्हा बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसणाऱ्या माराने होणारा आजार फुटबॉलपटूत पहिल्यांदा दाखवला. ते निष्कर्ष २००५ मध्ये छापून आल्यावर लीगच्या डॉक्टरांनी ते मागे घ्यावेत म्हणून धडपड केली. पुढे निवृत्त खेळाडूंनी खटला भरला आणि लीगला शेकडो दशलक्ष डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. ज्यांच्यापासून धोका लपवला गेला त्यांना ‘माहीत असूनच खेळले’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

नियम बदलायला ३२ पैकी २४ मालकांची मतं लागतात, आणि ते दर वर्षी वसंत ऋतूत भेटतात. कॉलेजसारखी चित्रफितीने ताडलेली हकालपट्टी आणि सुटलेल्या धडकेसाठी चित्रफितीवरून झेंडा, एवढ्या दोन ओळींचा प्रस्ताव पुरे आहे. आमच्या संघाच्या कार्यालयाला मी याच मजकुराचं पत्र इंग्रजीतून पाठवलं आहे. सिनसिनाटीचं मत त्या चोविसांत असावं, अशी त्यात मागणी केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक
सिनसिनाटी, ओहायो